माया माणसाची, रस झाडाचा

एक्झिमा झालेल्या माणसाला सल्ल्याची टंचाई कधीच भासत नाही. कोपराच्या खोबणीत लाल चट्टा दिसला की एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा उपाय सांगते. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घाला. हळद आणि साय लावा. करंजेल चोपडा. कोरफडीचा गर लावा. बावचीची पूड लावून उन्हात बसवा. वांगं बंद करा, सुकट बंद करा. सांगणाऱ्याला यातून काही मिळायचं नसतं. समोरच्याचा त्रास बघवत नाही, म्हणून तो बोलतो.

आणि नेमकं म्हणूनच त्याला उलट प्रश्न विचारणं जड जातं. दुकानदाराला आपण बिनदिक्कत विचारतो, 'हे चालेल कशावरून?' आत्याला तसं विचारता येत नाही. विचारलं तर ती म्हणते, 'आमच्यावेळी कुठे होते रे डॉक्टर?' मग आपण गप्प बसतो. पुराव्याचा प्रश्न नात्याचा प्रश्न होऊन बसतो.

मला हा प्रश्न औषधशास्त्राइतकाच नीतीचा वाटतो. मायेने दिलेल्या औषधाला पुरावा मागणं हा कृतघ्नपणा आहे का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण ते नुसतं फेकून देण्यासारखं 'नाही' नाही, म्हणून हा लेख.

आमचं गाव पूर्णगड. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे टेकाडावर एक आटोपशीर किल्ला, खाली वस्ती, खाडीपलीकडे गावखडी. त्वचेचा डॉक्टर गाठायचा तर रत्नागिरी. म्हणजे जाण्यायेण्यात आणि रांगेत एक दिवस जातो, आणि रोजावर जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरीही. आमच्या घरात चुलत बहिणीची चार वर्षांची मुलगी आहे. तिला वर्षाची असल्यापासून एक्झिमा आहे. रात्री झोपेत खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असतात. तिच्या निमित्ताने घरात जे बोलणं झालं, त्यातून पुढचा विचार सुरू झाला.

आजाराचा स्वभाव

मराठीत या आजाराला 'इसब' म्हणतात, पण बोलताना आपण इसब, नायटा, गजकर्ण, खरूज हे शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरतो. हे चार वेगळे प्रकार आहेत. नायटा आणि गजकर्ण ही बुरशी. खरूज म्हणजे कातडीत शिरलेले सूक्ष्म किडे. लहान मुलांत दिसणारा नेहमीचा एक्झिमा मात्र संसर्ग नव्हे. त्यात कातडीची भिंतच कच्ची असते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्यांना एक्झिमा होण्याची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवतं. ते कमी पडलं की आतला ओलावा उडतो, बाहेरचं नको ते आत शिरतं, शरीर चवताळतं आणि खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी पडते.

आयुर्वेदात 'विचर्चिका' नावाचा विकार सांगितला आहे, आजचे वैद्य त्याची सांगड एक्झिमाशी घालतात. चरकसंहितेत तो अठरा कुष्ठांपैकी अकरा क्षुद्रकुष्ठांमध्ये मोडतो. म्हणजे कातडीच्या या त्रासाकडे आपल्याकडे फार पूर्वीपासून बारकाईने पाहिलं गेलं आहे, त्याचं वर्गीकरण झालं आहे.

पण या आजाराचा एक स्वभाव असा आहे, की त्यापुढे भलेभले फसतात. तो आपोआप वर-खाली होतो. थंडीत भडकतो, घामाने भडकतो, मग काही आठवडे शांत राहतो. बऱ्याच मुलांचा एक्झिमा वाढत्या वयात कमीही होतो. आता विचार करा, आपण उपाय कधी करतो? आजार सगळ्यात जोरात असतो तेव्हा. त्यानंतर तो तसाही उतरणारच असतो. मधल्या काळात जे लावलं असेल, त्याला श्रेय मिळतं. पाला लावला असेल तर पाल्याला, अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला, कंपनीचं मलम लावलं असेल तर त्या मलमाला.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडेही असे बग असतात, कधी दिसतात, कधी नाही. असा बग आला की कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो, बग जातो, आणि 'रीस्टार्ट केलं की जातो' हे टीममध्ये शास्त्र होऊन बसतं. खरं कारण शोधायचं तर लॉग बघावा लागतो. घरगुती औषधाचं दुखणं हेच आहे, की त्याचा लॉग नसतो. ज्याला गुण आला तो सांगत फिरतो. ज्याला आला नाही तो गप्प दुसरं काहीतरी शोधतो. ज्याचं वाढलं, त्याला 'पथ्य पाळलं नसशील' असं ऐकवलं जातं. पिढ्यानपिढ्यांचा अनुभव असं आपण म्हणतो, त्यात फक्त यशाच्या गोष्टी जमा होत गेलेल्या असतात.

म्हणून 'आम्ही प्रयोग करत नाही, आजीचं औषध देतो' हे वाक्य मला पटत नाही. ज्याचा परिणाम नक्की माहीत नाही असं काहीही अंगाला लावणं हा प्रयोगच आहे. फक्त त्याची नोंद ठेवलेली नाही, एवढाच फरक.

तीन झाडं, एक घराणं

'झाडपाल्याने अपाय तर होणार नाही ना?' हा पुढचा युक्तिवाद. कोकणात राहून तो करणं म्हणजे जरा कमालच आहे.

आमच्याकडे हापूसची कलमं आहेत आणि काजूही आहे. आंबा काढताना देठातून उडणारा चीक तोंडावर आला तर काय होतं, हे बागेत काम केलेल्या कोणालाही विचारा. कातडी भाजते, फोड येतात. काजूच्या टरफलातलं तेल त्याहून जहाल. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी त्याने काळवंडते, सोलून निघते. हात वाचवायला त्या तेल किंवा राख लावतात. आणि तिसरा बिब्बा. परीट कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरायचे, आणि त्या खुणेने काही लोकांच्या अंगावर पुरळ उठायचं. 'बिब्बा उतला' असं आपण म्हणतो. कोणी चांगल्या कामात विघ्न आणलं तर 'बिब्बा घातला' म्हणतो. भाषेनेसुद्धा या झाडाचा स्वभाव नोंदवून ठेवला आहे.

आंबा, काजू, बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं, वनस्पतिशास्त्रात त्याला 'अ‍ॅनाकार्डिएसी' म्हणतात. त्यांच्या चिकात आणि तेलात एकमेकांशी नातं असलेली रसायनं आहेत. ती झाडाने स्वतःच्या बचावासाठी बनवली आहेत, कीड लागू नये म्हणून, कोणी खाऊ नये म्हणून. कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची भूक मारतं, म्हणूनच शेतकरी निंबोळी अर्क फवारतात. झाडाला आपल्याशी देणंघेणं नाही. ते आपल्याला बरं करायला उभं नाही आणि मारायलाही नाही. त्याला माया नसते. माया असते ती पाला ठेचणाऱ्या हातात.

हे दोन धागे आपण एकात एक गुंतवतो, सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. आजीच्या लेपात दोन गोष्टी असतात, एक आजीची माया आणि दुसरा झाडाचा रस. माया खरी असते, तिला पुरावा लागत नाही. रसाला मात्र लागतो. रसाबद्दल प्रश्न विचारला म्हणजे मायेवर संशय घेतला असं होत नाही.

झाडांच्या याच जहालपणातून खरी औषधंही आली आहेत, हेही सांगितलं पाहिजे. बावचीच्या बियांत सोरालेन जातीची रसायनं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते, डाग पडतात. कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत या गुणावरच उभी आहे. पुढे याच जातीचं औषध आणि मोजून दिलेले अतिनील किरण असा उपचार तयार झाला. १९७४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी सोरायसिसवरचे त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, नंतर तो काही हट्टी एक्झिमांसाठीही वापरला गेला. गुण येत होता. पण त्या रुग्णांच्या नोंदी पुढे वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या, त्यातून कळलं की खूप वेळा हा उपचार घेतलेल्यांना त्वचेच्या एका कर्करोगाचा धोका वाढतो. नोंद नसती तर हे कळलंच नसतं. आणि बावची लावून मुलाला उन्हात बसवा असा सल्ला देणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, ना गुण कशाने येतो, ना अपाय कशाने.

हळदीची लढाई आपण नेमकी काय जिंकलो?

झाडपाल्याचा विषय निघाला की हळदीच्या पेटंटचा किस्सा येतोच. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआर या संस्थेने त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. पुरावा म्हणून जुन्या ग्रंथांमधले आणि लेखांमधले ३२ संदर्भ सादर झाले, त्यात १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. याच अनुभवातून पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, परक्या पेटंट कार्यालयांना आपले जुने ग्रंथ वाचता यावेत म्हणून.

ही लढाई योग्य होती. जे पिढ्यानपिढ्या सगळ्यांचं आहे ते कोणा एकाच्या नावावर होऊ नये, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बरोबर मिळालं.

पण ती सांगताना आपण हळूच एक उडी मारतो. 'अमेरिकेलाही मान्य करावं लागलं की आमची हळद औषध आहे.' तसं झालेलं नाही. पेटंटच्या भांडणात प्रश्न असतो, हे नवीन आहे का? उत्तर आलं, नाही, हे जुनं आहे. हळदीने जखम भरते का, हा त्या निकालाचा विषय नव्हता. जुनेपणा सिद्ध झाला, गुण नव्हे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. एखादी समजूत हजार वर्षं जुनी असू शकते आणि तरीही चुकीची असू शकते. ती जुनी आहे म्हणून चुकीचीच असते असंही नाही.

गुणाच्या बाबतीत हळदीची कहाणी अजून अर्धवटच आहे. तिच्यातल्या कर्क्युमिन या घटकावर शंभराहून जास्त मानवी चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त या सगळ्याचा एक सविस्तर आढावा आला. त्याचा निष्कर्ष असा होता, की औषध आणि बनावट गोळी यांत कोणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून केलेल्या चाचण्यांत कर्क्युमिनला यश मिळालेलं नाही. तो टिकाऊ नाही, शरीरात नीट शोषला जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या अनेक तपासण्यांना चकवतो. म्हणजे हळद वाईट झाली का? नाही. आमटीत ती जिथे आहे तिथे छान आहे. पण 'लेकराला एक्झिमा आहे, हळद लाव' या सल्ल्यामागे १९९७ च्या विजयाचं वजन टाकता येत नाही.

कडू काढा आणि बिनलेबलची डबी

एक्झिमावर झाडपाल्याच्या अर्काची सगळ्यात गंभीर परीक्षा झाली ती लंडनमध्ये. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की त्यांचे काही हट्टी एक्झिमाचे रुग्ण चायनाटाउनमधल्या एका चिनी वैद्याकडे जाऊन सुधारले आहेत. त्यांनी नाक मुरडलं नाही. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात रीतसर चाचणी घेतली. दहा वनस्पतींचा ठरावीक काढा, आणि तुलनेसाठी तसाच कडू, पण एक्झिमाशी संबंध नसलेल्या वनस्पतींचा दुसरा काढा. ४७ मुलं घेतली, कडूपणा सोसून शेवटपर्यंत टिकली ३७. १९९२ मध्ये निष्कर्ष आले, आणि ते चकित करणारे होते. खऱ्या काढ्याने लाली निम्म्याने उतरली होती, खोट्याने जेमतेम. मोठ्या माणसांवरच्या चाचणीतही गुण दिसला.

गोष्ट इथेच संपवली असती तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला उत्तम होती. पण तपासणी थांबली नाही. हाँगकाँगमध्ये, म्हणजे चिनी लोकांमध्येच, तोच काढा पुन्हा तपासला गेला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत फरक दिसला नाही. असे काढे घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेली. २०१३ मध्ये कोक्रेन या संस्थेने तोवरच्या २८ अभ्यासांचा आढावा घेतला. चिनी वनौषधींनी एक्झिमा बरा होतो असं ठामपणे म्हणण्याइतका चांगला पुरावा नाही, असं त्यात निघालं.

त्याच १९९९ साली आणखी एक शोधनिबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. रुग्णांना 'हर्बल' म्हणून मिळालेली अकरा मलमं डॉक्टरांनी प्रयोगशाळेत तपासली. त्यातल्या आठांमध्ये डेक्सामेथासोन निघालं. हे झाडाचं नव्हे, कारखान्यातलं स्टिरॉइड. ज्या औषधाच्या भीतीने माणसं झाडपाल्याकडे वळली होती, तेच त्यांना झाडपाल्याच्या नावाने मिळत होतं, तेही किती आहे हे न सांगता. काही मलमं लहान मुलांच्या चेहऱ्यावर लावली जात होती.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरात आलेली डबी आठवली. पांढरी प्लास्टिकची, वर कुठलंही लेबल नाही. एका नातेवाइकाने लांबून, कोणाच्या तरी ओळखीने मागवली होती. 'शंभर टक्के झाडपाला, काही अपाय नाही.' लावल्यावर तीन दिवसांत पोरीची कातडी गुळगुळीत झाली. घरात आनंदीआनंद. डबी संपली आणि आठवड्यात चट्टे परत आले, आधीपेक्षा लाल. त्यात काय होतं? मला माहीत नाही. बहिणीलाही नाही, आणणाऱ्यालाही नाही. स्टिरॉइड होतं असा आरोप मी करत नाही. माझं म्हणणं इतकंच, की एका मुलीच्या अंगावर काय चोपडलं गेलं हे तिच्या जवळच्या एकाही माणसाला सांगता येत नाही, आणि तरी सगळे म्हणत होते की अपाय नाही. 'अपाय नाही' हे वाक्य माहितीतून आलेलं नव्हतं. ते 'झाडपाला' या शब्दातून आलं होतं.

यात बाजाराने काय ओळखलंय ते बघा. आजीच्या लेपातली माया वेगळी काढून ती लेबलवर छापता येते. 'आजीचा बटवा', 'निसर्गाची कुशी', हिरवं पान, चुलीचं चित्र. आजीला आपण पुरावा मागत नाही, ही सवलत मग कंपनीलाही मिळते. आजी निदान समोर बसलेली असते, उद्या लेप बाधला तर तिला झोप येत नाही. डबी विकणाऱ्याची झोप मोडत नाही.

दुसऱ्या बाजूचे हात

इथवर वाचून कोणाला वाटेल की डॉक्टर तेवढे धुतल्या तांदळासारखे. तसं नाही. स्टिरॉइडची भीती आकाशातून पडलेली नाही. आपल्याकडे स्टिरॉइडची मलमं वर्षानुवर्षं दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत होती. कोणी ती गोरं होण्यासाठी लावली, कोणी गजकर्णावर. गजकर्णावर स्टिरॉइड लावलं की खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी निवांत पसरते. चेहरे लाल झाले, कातडी पातळ झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच ओरड केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून नियम बदलला. नियम बदलला म्हणजे दुकानं बदलली असं नव्हे.

नीट वापरलं तर स्टिरॉइड मलम एक्झिमात उपयोगी आहे, ही गोष्ट चाचण्यांनी पक्की झालेली आहे. पण 'नीट' म्हणजे कुठलं, किती, कुठे, किती दिवस हे सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं गर्दीच्या ओपीडीत मिळाली नाहीत तर आई घाबरलेलीच घरी येते. मग ती अशा माणसाकडे जाते, जो तिच्याशी अर्धा तास बोलतो. झाडपाल्याकडे जाणारी माणसं अडाणी असतात असं मला वाटत नाही. ती पुष्कळदा ऐकून घेणाऱ्याच्या शोधात असतात. पुरावा मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं नाही, तर त्यांचा पुरावा बरोबर असूनही गावापर्यंत पोचत नाही.

आणि मायेचा गुण अगदीच नसतो असंही नाही. आत्या रात्री पोरीच्या हातावर हळुवार काहीतरी चोळत बसते, गोष्ट सांगते, तेव्हा पोर खाजवायची थांबते. नखं लागत नाहीत, कातडीला उसंत मिळते. हा फायदा खरा आहे. फक्त तो पाल्याचा असेलच असं नाही. मग तोच हात, तीच गोष्ट, आणि पाल्याच्या जागी ज्याचा भरवसा आहे असं काहीतरी, असं का होऊ नये?

असं काहीतरी कोकणात घरोघरी आहेही. खोबरेल. २०१४ मध्ये फिलिपिन्समधल्या डॉक्टरांनी सौम्य ते मध्यम एक्झिमा असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना शुद्ध खोबरेल, निम्म्यांना खनिज तेल. आजाराची तीव्रता मोजायची एक ठरलेली गुणपद्धत आहे. खोबरेलाच्या गटात ती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली, दुसऱ्या गटात ३८ टक्क्यांनी. चाचणी लहान आहे, एकटीवर इमले बांधू नयेत. खोबरेल एक्झिमा बरा करतं असं ती म्हणत नाही. कच्च्या भिंतीला लेप दिल्यासारखं ते ओलावा धरून ठेवतं, असं म्हणायला जागा देते. तेही सगळ्यांनाच मानवेल असं नाही.

मला यात आवडलेली गोष्ट अशी, की इथे आजीच्या ज्ञानाला प्रश्न विचारला गेला आणि उत्तर तिच्या बाजूने आलं. हळदीला विचारला, उत्तर अजून आलं नाही. चिनी काढ्याला विचारला, आधी हो आलं, मग नाही. प्रश्न विचारल्यानेच तर कळलं की खोबरेल आणि हळद यांत फरक आहे. सगळ्याला सरसकट नमस्कार केला असता तर हा फरक कधीच दिसला नसता. जे ज्ञान चुकीचं ठरूच शकत नाही, ते बरोबरही ठरू शकत नाही. त्याला देव्हाऱ्यात ठेवता येतं, वापरता येत नाही.

कातडी कोणाची?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर बिब्बा लावून बघितला तर तो त्याचा प्रश्न. चार वर्षांच्या मुलीला कोणी विचारत नाही. तिला 'झोंबतंय' एवढंच म्हणता येतं, आणि त्यावर आपण म्हणतो, 'झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.' तिच्या वतीने निवड करणारे आपण. म्हणून आपल्या खात्रीचा दर्जा इथे वर असायला हवा. सल्ला फुकट असतो, त्याची किंमत दुसऱ्याची कातडी मोजते.

आमच्या घरात यावर भांडण झालं नाही. आजीलाच विचारलं. ती जे बोलली ते ऐकून मला वाटलं, आपण आजीच्या नावावर जे खपवतो त्यापेक्षा आजी कितीतरी सावध होती. ती म्हणाली, 'कुठलाही पाला आधी मनगटावर एवढासा लावायचा, रात्रभर बघायचं. एकाला मानवला म्हणून दुसऱ्याला मानवेल असं नसतं. आणि काय आहे ते माहीत नसेल तर पोराच्या अंगाला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.' चरकसंहितेनेही न ओळखलेल्या औषधाची तुलना विषाशी केली आहे. परंपरेत सावधपणाही होता. आपण पाला तेवढा उचलला आणि सावधपणा वाटेत सांडला.

मग घरात साधे नियम झाले. नाव माहीत नाही, घटक माहीत नाहीत, ते मुलीला लागणार नाही, कितीही प्रेमाने आलेलं असो. डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा साधं व्हॅसलीन. एक जुनी वही, तिच्यात रोज दोन ओळी: काय लावलं, रात्री किती वेळा उठली. वही आत्याच्या ताब्यात आहे, कारण ती रात्री पोरीजवळ झोपते. आणि ग्रुपवर उपाय पाठवणाऱ्याने सोबत लिहायचं, 'मी करून पाहिलं', 'ऐकलंय' की 'फॉरवर्ड आहे'. या शेवटच्या नियमानंतर उपाय एकदम कमी झाले. लोक खोटं बोलत होते म्हणून नव्हे. आपल्याला किती माहीत आहे हे स्वतःला विचारायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली होती.

पोर बरी झाली का? एक्झिमाच्या बाबतीत हा प्रश्न लवकर विचारायचा नसतो. वहीत बऱ्या रात्री जास्त आहेत, वाईटही आहेत. मागच्या थंडीत पुन्हा भडकलं होतं. पण आता भडकलं की आम्हाला मागची पानं उलटून बघता येतं. परवा आत्याने त्यातली दोन पानं समोर धरून मला सांगितलं, की कडुलिंबाच्या पाण्याने काही फरक पडत नाही, तिने महिनाभर बघितलं. सांगताना ती जराशी नाराज होती. तरी तिने ते लिहून ठेवलं होतं.